इंदूरमधल्या आमच्या मराठी मंडळाचा लोगो करायचाय. मराठीपण दिसेल असं चिन्ह, रंग आणि फॉन्ट कोणता घ्यावा?

होळकरांचा राजवाडा सोडून काहीही घ्या. इंदुरात पोह्याच्या गाडीपासून कोचिंग क्लासपर्यंत सगळ्यांना राजवाडाच लागतो, त्यात तुमचं मराठीपण कोणाला दिसणार?

मी छपाईच्या धंद्यात आहे. मागे इथल्याच एका मंडळाने माझ्याकडून लोगो करून घेतला, अर्थात फुकट, 'घरचंच काम' म्हणून. चार रात्री जागून मी नुसता 'ळ' काढला. बोरूच्या वळणाचा, शिरोरेघेखाली दोन टपोरी पोटं. अख्खं गाव तुम्हाला 'मंडल' म्हणतं, तिथे आणखी कसली ओळख दाखवायची?

अध्यक्षकाका म्हणाले, "चष्म्याचं दुकान काढायचंय का?" सगळे हसले. मग एकाला पगडी हवी, एकाला गुढी, कोणाला नथ. नथ सुचवणाऱ्या काकूंनी स्वतः ती लग्नानंतर घातलेली नसावी, असो. सगळं एका गोलात कोंबलं, मागे राजवाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हा फरकही दिसायला हवा होता! फ्लेक्सवर खपून गेलं. रबरी शिक्का करून आणला, तर सात मजल्यांचा एक काळा डाग, आणि नथ पगडीला चिकटलेली.

अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या टाकसाळीतल्या रुपयावर पिंडी आणि बेलाचं पान असे. तेवढ्यावरून नाणं ओळखू येई. त्यांना नथ सुचली नाही.

फॉन्टचं म्हणाल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेवढं बघा. हिंदी वळणाचा दांडीचा 'ल' लावून 'मराठी अस्मिता' लिहिलेलं बघवत नाही. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडली की ही अक्षरं आपोआप बदलतात. रंग शेवटी ठरवा. आधी काळ्यात काढून, नखाएवढा करून बघा.

हां, 'ळ' माळवीतही आहे, तो आपल्या एकट्याचा नाही. मला तर ते आणखीच बरं वाटतं, पण तुमच्या समितीला आधीच सांगून ठेवा.

आणि पावतीपुस्तकाचं प्रूफ स्वतः वाचा. त्या मंडळाने ते बाहेर छापायला दिलं. हजार पावत्यांवर 'मंडल' छापून आलंय. अजून संपल्या नाहीत, मागच्या गणपतीत मलाच एक फाडून दिली.