गाड्यांवर ठळक चिन्ह असूनही युद्धात मदतकर्मी मारले कसे जातात? अशा कामाला जावं का?

चिन्ह दिसलं नाही म्हणून हे घडतं, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. 2015 मध्ये अफगाणिस्तानात कुंदुझला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला, 42 जण गेले. रुग्णालय नेमकं कुठे आहे हे संस्थेने आधीच कळवलेलं होतं. 1 एप्रिल 2024 ला गाझात ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या अन्नवाटप करणाऱ्या संस्थेचे सात जण इस्रायली ड्रोनहल्ल्यात मारले गेले. त्यांच्या गाड्यांचा प्रवासही लष्कराशी आधी ठरवूनच चालला होता.

म्हणजे माहिती लष्करात होती. पण एका कचेरीत नोंदवलेला मार्ग ड्रोन चालवणाऱ्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे आणि पोहोचल्यावर त्याने तो मानलाच पाहिजे, याची हमी कोण देणार? सुदानसारख्या ठिकाणी तर दर थोड्या अंतरावर चौकी वेगळ्या बंदूकधाऱ्यांची. एकाची परवानगी दुसऱ्याला मान्य नसते. तिथे अपहरण आणि लूटमारही आलीच.

खरं दुखणं पुढचं आहे. मदतकर्मींवर जाणूनबुजून केलेला हल्ला हा युद्धगुन्हा आहे, पण शिक्षा क्वचितच होते. कुंदुझ प्रकरणात 16 जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. मे 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2730 मंजूर करून मदतकर्मींच्या संरक्षणाची मागणी केली. त्याच वर्षी जगभरात 380 हून अधिक मदतकर्मी मारले गेले, तोवरचा उच्चांक. (ठरावांवर माझा फारसा भरवसा का नाही, हे यावरून कळेल.)

बातमीत बहुधा परदेशी स्वयंसेवकाचा फोटो येतो, पण मरणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्थानिक असतात: ड्रायव्हर, परिचारिका, गोदाम सांभाळणारे. धोका वाढला की परदेशी मंडळींना बाहेर काढता येतं. स्थानिकांचं घरच तिथे असतं, ते कुठे जाणार?

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण होकार देण्याआधी त्या संस्थेला एक प्रश्न विचाराच: तुमच्या स्थानिक ड्रायव्हरला विमा किती, आणि परिस्थिती बिघडली तर त्याच्या कुटुंबाला हलवण्याची काय सोय आहे? उत्तर देताना तिथला माणूस अडखळला, तर मी तरी त्या संस्थेत जाणार नाही.