अक्काला विचारा : पोरं नुसती टिकलीकडं बघायलेत!

प्रश्न : अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात चार वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, आता मार्चपासून कोरियात एका प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून लागलेय. पहिला आठवडा संपला आणि खरं सांगते, रोज रूमवर येऊन रडतेय. तिसरीचा वर्ग, २३ पोरं. पहिल्या दिवशी केवढी तयारी करून गेले होते, बेळगावचा किल्ला, गोकाकचा धबधबा, सगळे फोटो लॅपटॉपमध्ये, आणि दहा मिनिटं बोलून वर बघते तर पोरं नुसती माझ्या टिकलीकडं बघत बसलेली. शेवटी एकानं हात वर केला, मला वाटलं आलं बाबा काहीतरी डोक्यात, तर विचारतो "टीचर, हाउ ओल्ड?" दुसऱ्या दिवशी नावाची कार्डं केली, ठळक दिसावीत म्हणून लाल स्केचपेननं लिहिली, तर वर्ग एकदम चिडीचूप, एक पोरगी रडायलाच लागली आणि सोबतच्या कोरियन बाईंनी हसत हसत सगळी कार्डं गोळा केली, का ते काय सांगितलं नाही. उच्चारांचं तर विचारूच नका. बस म्हटलं की 'बसु', लंच म्हटलं की 'लंची', फिश म्हटलं की 'पिशी'. पंधरा पंधरा वेळा म्हणून घेते, घसा बसला. मी शाकाहारी, त्यामुळं दुपारी भात आणि किमची एवढंच खाते. मी हायस्कूलची बाई, लहान पोरांना शिकवायचं मला जमणारच नाही असं वाटायलंय. घरी सगळे खूश आहेत, कुणाला सांगू?
– एक वाचक, सध्या कोरियात

उत्तर : अगं, मला सांगितलंस की, झालं. मीपण दोन वर्षं तिकडं काढलीत आणि पहिल्या आठवड्यात रडले नाही असं म्हणाले तर खोटं होईल.

आधी त्या कार्डांचं. तिकडं जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत, ते मेलेल्याचं लिहायची रीत असं मानतात. म्हणजे आपल्याकडं एखादी नवीन बाई आली आणि पहिल्याच दिवशी सगळ्या पोरांच्या फोटोंना हार घालून गेली, तर कसं वाटेल? तेच झालं बघ. तुला माहीत नव्हतं, त्या बाईंनाही ते कळलं म्हणून तर हसल्या. निळ्या पेननं नवीन कार्डं कर आणि एकेकाच्या हातात दोन्ही हातांनी दे. दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं हे तिकडं मोठ्यांशी वागताना पाळतात, बाईनं पोराला तसं दिलं की पोरगं खुलतं. जी रडली तिला पहिलं.

वय विचारतात त्याचा राग मानू नको. त्यांच्या भाषेत समोरचा मोठा का लहान हे कळल्याशिवाय वाक्याचा शेवट कसा करायचा तेच ठरत नाही. मोठ्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी' म्हणते, मुलगा 'नूना' म्हणतो. तू मला बघितलेलंही नाहीस तरी पत्रात अक्का लिहिलंस की नाही? तसंच ते. आणि घरी ती पोरं बापाला काय म्हणतात माहिताय? अप्पा! मी पहिल्यांदा शाळेच्या गेटवर ऐकलं तेव्हा मागं वळून बघितलं, वाटलं आपल्या शहापूरचं कोण आलंय की काय.

आता उच्चार. तू बेळगावची असून 'बसु'ला घाबरतेस? आपल्या स्टँडवर कंडक्टर काय ओरडतो, "बस्सु बंतु!", म्हणजे बस आली. पेन्नु, कारु, रोडु ऐकतच मोठं झालो की आपण. कन्नडला शब्द व्यंजनावर सोडून द्यायला आवडत नाही, शेवटी स्वर लागतो, कोरियनचंही बरंचसं तसंच आहे. त्यांच्यात अक्षराच्या शेवटी 'स' किंवा 'च' चा आवाज टिकतच नाही, म्हणून पोरं मागं एक बारीक स्वर जोडतात, त्यात आळस नाही की मंदपणा नाही. 'फ'चंही तेच, इंग्रजी एफचा आवाजच त्यांच्या भाषेत नाही. पंधरा वेळा म्हणून घेतलंस तर पंधरा वेळा 'पिशी'च येणार, कारण कान ते ऐकतच नाही. त्यापेक्षा वरच्या दातांखाली खालचा ओठ धर, सशासारखं तोंड कर, आणि नुसती हवा सोड. शब्द नको, फक्त फफफ. अख्खा वर्ग ससा होतो, हसून हसून लोळतात, आणि त्या हसण्यात दोघा-तिघांच्या तोंडून खरा एफ निघतो. बाकीच्यांचा पुढच्या महिन्यात निघेल.

आणि मुख्य म्हणजे तू बोलतेस फार. हायस्कूलची सवय ती. तिकडं इंग्रजी तिसरीत सुरू होतं, १९९७ पासून तसं आहे, आणि वर्ष चालू होतं मार्चमध्ये, म्हणजे क्लास लावलेली सोडली तर तुझी बरीच पोरं शाळेतलं इंग्रजी तुझ्याच बरोबर पहिल्यांदा बघायलेत. वयानं तिसरीची, इंग्रजीत बालवाडीची. मला आठवतंय, आमच्या मराठी शाळेत धारवाडकडचे कन्नडचे सर पहिल्यांदा आले आणि म्हणाले "कुंदर्री". आम्ही सगळी उभीच, माझ्या शेजारची कानात म्हणते, अगं सर कुंदा वाटणार आहेत, बेळगावची मिठाई! सरांनी काय केलं, परत म्हणाले "कुंदर्री" आणि स्वतः खुर्चीत धपकन बसले. उठले, परत म्हणाले, परत बसले. तिसऱ्या वेळेला आम्ही सगळी खाली. पुढचे दोन दिवस त्यांनी दुसरा शब्द शिकवलाच नाही, आणि तो शब्द मी चाळीस वर्षांत विसरलेले नाही.

तर सोमवारी लॅपटॉप रूमवर ठेव. पिशवीत छत्री, चमचा आणि एक मोजा घेऊन जा. तीन वस्तू, तीन शब्द, तास ४० मिनिटांचाच असतो, पुरतंय. पिशवीत हात कुणी घालायचा ते 'कावी बावी बो'नं ठरव, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री, तिकडची पोरं सगळे वाद त्यानंच मिटवतात. तू पण खेळ आणि हर. बाईला हरवलं की लाजरं पोरगंही तोंड उघडतं. सोबतच्या बाईंना आदल्या दिवशी प्लॅन दाखव, नाहीतर त्या कोपऱ्यात उभ्या राहून तुझ्या प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसतील आणि पोरं मग तुझं ऐकायचंच बंद करतील.

किमचीचं मात्र वाईट वाटतंय सांगायला. तिच्यात बहुतेक वेळा माशाचा रस नाहीतर खारवलेली कोळंबी असते गं. झालं ते झालं, उद्यापासून डबा ने, आणि शेंगदाण्याची चटणी मागवून घे.

प्रश्न : माझी मुलगी एम.ए. इंग्लिश आहे. कोरियात खाजगी इंग्रजी क्लासमध्ये नोकरी लावतो म्हणून एक एजंट अडीच लाख मागतोय. द्यावेत का?
– एक पालक, निपाणी

उत्तर : काका, एक रुपया देऊ नका. त्या खाजगी क्लासला तिकडं हागवन म्हणतात आणि तिथं शिकवायचा ई-२ व्हिसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आपण त्यात नाही. टुरिस्ट व्हिसावर पाठवून 'नंतर बघू' म्हणत असेल तर पोरगी पकडली जाईल, एजंट नाही. भारतीयांना वाट आहे ती २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारातली, शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून, आणि त्याला नुसती डिग्री चालत नाही, शिक्षकाची पात्रता लागते. मुलीचं बी.एड. झालंय का, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.