फोंडा घाटात पहिल्यांदा गाडी घेऊन जाताना

भावा, पावसात दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरणार म्हणतोस, जरूर जा. पण कोल्हापुरातून पहाटेच निघ. राधानगरी धरण मागं पडलं की झाडी दाट होते आणि अंधार पडला की गवे रस्त्यावर येतात.

१९५८ साली दाजीपूरचं जंगल राखीव झालं ते गव्यांसाठीच. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. धुक्यात समोर दिसला तर लांबच थांब, दिवा मंद कर, हॉर्न अजिबात नको. एक गवा गेला म्हणून लगेच गाडी काढू नकोस, मागून कळप असतो. पिल्लू असेल तर दुप्पट अंतर ठेव. फोटोसाठी खाली उतरायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो.

माझ्या मते गव्यापेक्षा दरडीची भीती जास्त धर. आठवडाभराच्या झडीत माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरून घसरते. पाऊस उघडला तरी एक-दोन दिवस धोका राहतो. त्यामुळं डोंगराच्या कडेला, धबधब्याखाली गाडी लावू नकोस, जागा कितीही देखणी असो. बारीक खडे पडायला लागले, स्वच्छ ओघळ अचानक गढूळ झाला, झाड कललेलं दिसलं, की चहा तसाच सोडून निघायचं. मी एकदा असाच निघालो होतो. अर्ध्या तासानं त्याच वळणावर मातीचा ढीग होता.

वानरांना बिस्किटं घालू नकोस, ती त्यापायी गाड्यांखाली येतात.