कोल्हापुरात राजारामपुरीतनं शिरोली एमआयडीसीला रोज सायकलनं जायचंय. सायकलचा इन्शुरन्स काढू का? मेंटेनन्स किती आणि चेन कुठली घेऊ?

तुम्ही लिहिलंय की अठ्ठावीस हजाराची हायब्रिड सायकल घेतली, दुकानदार वर्षाची पॉलिसी गळ्यात मारायला बघतोय आणि घरचे म्हणतायत एवढ्या पैशात जुनी स्प्लेंडर आली असती. घरच्यांचं सोडा, ते म्हणणारच. पॉलिसीचं मात्र नीट बघू. मी फुलेवाडीतनं उद्यमनगरला, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, बरीच वर्षं सायकलनंच जातोय आणि आमच्या ग्रुपवर हा विषय दर पावसाळ्याआधी निघतोच.

माझं सरळ मत सांगतो. आधी तुमचा स्वतःचा विमा, मग दणकट कुलूप आणि लाईट, आणि त्यातनं पैसे उरले तर सायकलचा विमा. लोक नेमकं उलटं करतात.

कायद्यानं सायकलला इन्शुरन्स लागत नाही, तेवढं डोक्यातनं काढा. थर्ड पार्टीची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली, ती मोटारवाल्या गाड्यांना. बॅटरीच्या सायकलीचं थोडं वेगळं, २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला स्पीड असेल तर नियमाच्या अटीत बसणारी ती गाडी मोटार वाहनात धरत नाहीत, त्याच्या वर गेली की पासिंग, लायसन, इन्शुरन्स सगळं आलं. तुमची पायडलची आहे, विषय संपला.

आता विकतचा विमा. त्यात साधारण चोरी, आग आणि अपघातात सायकलचं झालेलं नुकसान धरतात, काही पॉलिसीत तुमच्यामुळं दुसऱ्याला लागलं तर त्याचंही असतं. ऐकायला झकास. पण बारीक अक्षरं वाचा हो. टायर झिजला, चेन ढिली झाली, हे कोण देत नाही. नुसता लाईट नाहीतर पंप चोरीला गेला तर बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही, सायकलसकट गेला तरच. रेसमध्ये पडला तर नाही. आणि चोरीची मोठी अट म्हणजे सायकल हलवता न येणाऱ्या वस्तूला बांधलेली पाहिजे. आमच्यातल्या एकाची तालमीबाहेरनं गेली, कुलूप होतं, पण साखळी नुसती मागच्या चाकातनं आणि फ्रेममधनं घातलेली, खांबाला नाही. उचलली आणि टेम्पोत टाकली असणार, दुसरं काय. कंपनीनं विचारलं कशाला बांधली होती, हा गप्प, क्लेम तिथंच बुडाला.

म्हणून पॉलिसी घ्या किंवा नका घेऊ, आजच्या आज एक काम करा. सायकल उलटी करा, पायडलचा एक्सल जिथं फ्रेममधनं जातो त्याच्या खालच्या बाजूला नंबर ठोकलेला असतो, काही फ्रेमवर दुसरीकडं असतो, शोधा. चिखल पुसून त्याचा फोटो काढा, बिलाचा फोटो काढा आणि दोन्ही स्वतःलाच मेल करून ठेवा. बिलावर फ्रेम नंबर नसेल तर दुकानदाराकडनं लिहून शिक्का मारून आणा. चोरी झाली की पोलिस पहिला हाच नंबर विचारतात, आणि तपास करून माग नाही लागला तर पुढं जो ‘ए समरी’चा कागद होतो तो विमावाले मागू शकतात. त्याला महिने जातात. अठ्ठावीस हजारातनं घसारा वजा, वर तुमच्या खिशातनं जायचा ठरलेला हिस्सा वजा, मग हातात काय येतंय त्याचा हिशोब दुकानदारासमोर बसूनच करा. लाखाच्या वरची रोडबाईक असती तर मी काढ म्हणलो असतो.

घराचा विमा असेल तर तोही बघा. २०२१ पासनं सगळ्या कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, पूर त्यात आहे, पण चोरीचं गणित वेगळंय, आग-पूर असं काही झालं आणि त्यातनं सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती धरतात. नेहमीची पार्किंगमधली चोरी नाही. पुराचं मात्र आपल्या गावात कामाचं, तळमजल्यावर राहत असाल तर घरसामानात सायकल धरली आहे का ते लेखी विचारून घ्या.

आता तुमचा विमा. बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, आधी १२ होते ते २०२२ ला वाढले. अपघातात माणूस गेला तर घरच्यांना २ लाख, दोन्ही डोळे, दोन्ही हात नाहीतर दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तरी तेवढेच, एकच डोळा, हात नाहीतर पाय गेला तर १ लाख. सायकलवर असलात म्हणून अडत नाही. १ जून ते ३१ मे असं वर्ष असतं, मे संपताना खात्यात पैसे ठेवा. पण दवाखान्याचं बिल यातनं निघत नाही, त्याला मेडिक्लेमच पाहिजे, कंपनीकडनं असेल तर उत्तमच. आणि मोटारगाडीनं ठोकलं तर तिच्या थर्ड पार्टीवर तुमचा हक्क आहे, त्यामुळं उठून भांडायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो. पळून गेला आणि सापडलाच नाही तर सरकारी हिट अँड रनची भरपाई असते, गंभीर जखमीला ५० हजार, माणूस गेला तर २ लाख. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तुमच्या रस्त्याबद्दल बोलायला पाहिजे कारण खरा धोका तिथंय, चोरात नाही. तावडे हॉटेलपास्नं पंचगंगेचा पूल ओलांडून सांगली फाट्यापर्यंतचा पट्टा. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपास्नं उसाची वाहतूक सुरू झाली की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि पहिली ट्रॉली तुमच्या शेजारनं सरळ गेली म्हणून निवांत व्हायचं नाही, मागची हेलकावा घेत आत येते. ट्रॉलीला डावीकडनं घुसून ओव्हरटेक तर कधीच नको. लाल ब्लिंकर दिवसाही चालू ठेवा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून निघा, ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तिथं सायकलचं काय घेऊन बसलाय. आणि कधी सायकल पाण्यात बुडालीच तर नुसती पुसून चालवू नका, दोन्ही चाकांचे हब आणि पायडलचा एक्सल उघडून छर्रे, ग्रीस बदलून घ्या, नाहीतर महिन्याभरात कटकट आवाज सुरू.

मेंटेनन्स लई नाही. हवा आठवड्याला एकदा, किती मारायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, त्या हद्दीत राहा. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हायवेला पंक्चर बहुतेक तारेनं होतं. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर पडतात आणि आपल्या टायरात शिरतात. पंक्चरवाला ट्यूब काढतो, सोल्युशन लावतो, पॅच मारतो, हवा भरून देतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत पंक्चर, कारण तार टायरमध्येच आहे. म्हणून ट्यूब बाहेर असताना टायरच्या आतनं जुनं फडकं हळूच फिरवायचं, जिथं अडकेल तिथं बघायचं. बाहेरनं दिसत नाही, आतनं टोक टोचतं. नखं कापायच्या कटरनं धरून ओढा, बोटानं निघत नाही. तुमच्या सायकलला बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवा, गल्लीतला पंप त्याशिवाय बसत नाही.

नवी सायकल आहे तर पहिल्या महिन्यात क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्याचा, बोल्ट, हँडल आणि सीटचा बोल्ट एकदा आवळून घ्या. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे उद्यमनगरात कुणालाही सांगावं लागत नाही, पण घरी पाना घेऊन जोर लावणाऱ्यांनी क्रँकचे आटे घालवल्याचं बघितलंय. ब्रेकचे गुटके पावसात भराभर झिजतात, त्यावरची खाच पुसत आली की बदला. डिस्क असेल तर तिच्यावर तेलाचा थेंब नको, चेनला तेल घालताना तिकडं फडकं धरा.

चेनला खोबरेल नको, इंजिन ऑईलही नको, सगळी धूळ ओढून घेतं आणि काळं पिठलं होतं. सायकलचंच ल्यूब घ्या, पुसलेल्या चेनवर प्रत्येक सांध्याला एक थेंब, पाच मिनिटं थांबून वरचं सगळं पुसून टाका. भिजून आलात तर त्याच दिवशी पुसा.

कुठली चेन घेऊ विचारलंय, तर कंपनीपेक्षा मागच्या चाकाला किती दातेरी चकत्या आहेत ते मोजा, आठ असतील तर आठ स्पीडची, नऊ असतील तर नवाची, यात मिसळ चालत नाही. आत्ता बदलायची गरज नाही. स्टीलच्या पट्टीवर बारा इंचात चेनच्या पिना बरोबर बसतात का बघत जा, इंचाचा सोळावा भाग पुढं सरकली की बदला, आठवा भाग होईपर्यंत थांबलात तर मागच्या चकत्याही बदलायला लागतात. आठ स्पीडची साधी चेन हजाराच्या आत मिळते, चकत्यांसकट गेलं तर बिल कुठल्या कुठं जातं.