टॉवर बसवायचाय? आधी दोरी घे

भावा, बोटीवर वेकबोर्ड टॉवर (मागच्या रायडरला ओढणारी दोरी बांधायची उंच कमान) बसवताना खोका फोडला की लगेच ड्रिल उचलू नकोस. आधी बोटीच्या नाकाच्या मध्यापासून टॉवरच्या दोन्ही पायांच्या जागेपर्यंत दोरीनं माप घे. दोन्हीकडं सारखंच भरलं पाहिजे. मी डोळ्याच्या अंदाजानं भोकं पाडली, टॉवर आजही तिरका दिसतोय.

जेलकोटवर, म्हणजे बोटीच्या फायबरवरच्या चकचकीत थरावर, मास्किंग टेप लाव आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरव, कडा उडत नाहीत. भोकाचं तोंड थोडं रुंद कर, नाहीतर बोल्ट आवळताना तडे जातात. भुशात लाकूड निघालं तर थांब. आत बाल्सा आहे, म्हणजे फायबरच्या थरांमधलं हलकं लाकूड. भोक मोठं करून इपॉक्सी भर, पक्कं झाल्यावर त्यातून नेमक्या मापाचं पाड. कंटाळवाणं काम आहे, पण पाणी मुरलं की ते लाकूड कुजतंच.

स्क्रू नकोत, आरपार बोल्टच, ३१६ स्टेनलेसचे (पाण्यात सहजी न गंजणारं स्टील). आतून जाड ॲल्युमिनियमची प्लेट लाव, उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, कापून मिळेल. नुसत्या वॉशरवर भागवलंस तर रायडरच्या ओढीनं फायबर फाटेल. मरीन सीलंट सढळ हातानं लाव. पहिल्या फेरीनंतर सगळे नट परत तपास.