लॅबमध्ये ग्लोव्हज घातले की पुरे का?

तुम्ही लिहिलंय की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून उदगीरच्या लॅबमध्ये नुकतेच लागलात, जुनी माणसं उघड्या हातानं रक्त काढतात, तुम्ही मात्र ग्लोव्हज घालता. तेवढं पुरे का?

पुरे नाही. पण त्यांचं बघून काढून ठेवू नका. ग्लोव्हज रक्त अडवतात, सुई अडवत नाहीत. मी लातूरला एका खासगी लॅबमध्ये बारा वर्षं आहे. नवीन पोरगं आलं की मी त्याला तासभर स्टुलावर बसवते आणि ग्लोव्हज घातलेला हात कुठंकुठं लागतो ते बघायला सांगते. रजिस्टर, माऊस, दाराची कडी, चष्मा, आणि मोबाईल तर हमखास. मागं एकाला विचारलं, "काय करायलास रे?" तर म्हणे, "ग्लोव्हज हायत की मॅडम!" तोच मोबाईल मग जेवताना हातात. कावीळ-बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस तग धरतो. म्हणजे सोमवारी रजिस्टरवर पडलेला डाग पुढच्या सोमवारपर्यंत तरी धोक्याचा.

आता सुईचं. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हाची गोष्ट. रक्त काढून झालं आणि सवयीनं सुईला कॅप लावायला गेले, ती डाव्या अंगठ्यात घुसली. नळ कोरडा. सिनियर म्हणाले, पिळून रक्त काढ. मी पिळलं. तेच चुकलं. पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही, वर स्पिरिट किंवा हायपोही (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं ब्लीचचं पाणी) ओतायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. शेवटी प्यायच्या जारमधून तांब्यानं पाणी ओतून घेतलं. तेव्हापासून सिंकखाली पाच लिटरचा एक कॅन भरलेला असतो, त्याला कुणी हात लावत नाही. पाणीटंचाईच्या गावात ही पण सेफ्टीच.

संध्याकाळीच सरकारी दवाखान्यात जाऊन एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू केल्या. त्या जमलं तर दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हायला लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून डॉक्टरांनी माझ्या मधेच थांबवल्या, पण तोवर मळमळीनं जीव नकोसा झाला होता. गंमत म्हणजे मी घाबरले एचआयव्हीला. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही व्हायची शक्यता हजारात तीन. कावीळ-बी ची, लस घेतली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाते. आणि माझे लसीचे दोनच डोस झाले होते!

म्हणून कॅप लावायचीच नाही. सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. डबा हाताशी हवा, पलीकडच्या खोलीत नको. डबा पाऊण भरला की बंद. सिरिंज आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काच निळ्या डब्यात; हे कॉलेजात पाठ केलंच असेल.

हायपो रोज ताजं करा. 5 टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी, म्हणजे 1 टक्का होतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये खिडकीत ठेवलेल्या बाटलीतला दम लवकर जातो. रक्त सांडलं की आधी कागद टाका, वर हायपो ओता, 20 मिनिटं थांबा, मग पुसा. लगेच पुसलं तर नुसतं पसरतं. सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्ताच्या ट्यूब गरगर फिरवायच्या मशीनमध्ये) ट्यूब फुटली तर झाकण अर्धा तास उघडू नका, आत उडालेले तुषार खाली बसू देत. टीबीचा बेडका पेशंटला बाहेर मोकळ्या हवेत काढायला सांगा. लॅबच्या बंद खोलीत नाही, संडासात तर अजिबात नाही.

तुमची कावीळ-बी ची लस झाली का ते लिहिलं नाहीत. नसेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या ते, बघा. 10 च्या वर हवा.