तीन वर्षं इन्स्टाग्रामवर चित्रं टाकतोय, पण फॉलोअर ४०० च्या पुढे जात नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दर आठवड्याला पूर्ण झालेल्या चित्राचा फोटो टाकता, खाली हॅशटॅगची रांग, आणि लाइक मात्र ओळखीच्यांचेच येतात. मी जलरंगात काम करते आणि बरीच वर्षं नेमकं हेच करत होते.

फरक पडला तो एका बिघडत चाललेल्या चित्रामुळे. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा थर) अर्धवट वाळलेला असताना ब्रशवरून पाण्याचा थेंब पडला आणि फुलकोबीसारखा डाग पसरला. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. मी टिश्यूने रंग टिपला, ओल्या ब्रशने कडा मऊ केल्या आणि त्या डागाचाच ढग केला. चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ टाकताना धाकधूक होती. पण अनोळखी लोकांनी तो एकमेकांना पाठवला, वर प्रश्न विचारले. कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा? (३००, कॉटन.) फुगला कसा नाही? थेंब पडल्यावर लगेच टिपायचं की थांबायचं? एकेका प्रश्नाचं उत्तर हीच माझी पुढची पोस्ट झाली. विषय शोधत बसावं लागलं नाही.

इन्स्टाग्रामवर पूर्वी पोस्ट टाकल्या त्या क्रमाने दिसायच्या, ते २०१६ मध्ये बदललं. २०२० मध्ये रील्स आले आणि फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मोठी झाली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीच सांगितलंय, की नव्या लोकांपर्यंत जायला लाइकपेक्षा 'कोणी कोणाला पाठवलं' याला जास्त वजन आहे. आता बघा, सुंदर चित्राला माणूस लाइक देतो आणि पुढे सरकतो. 'तुझंही असंच होतं ना?' म्हणून मैत्रिणीला पाठवतो तो थेंबाचा व्हिडिओ.

हॅशटॅगमध्ये वेळ घालवू नका. पहिल्याच सेकंदाला ब्रश कागदावर टेकलेला दिसू दे, नमस्कार वगैरे नको. फॉलोअर विकत तर अजिबात घेऊ नका, त्या खात्यांमागे बघणारं कोणी नसतं.

आणि हे अगदी कळकळीने सांगते: ईमेलची यादी आजच सुरू करा. वाइन हे सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं अॅप २०१३ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये ते बंद होणार असल्याचं जाहीरही झालं. तिथे जमवलेले फॉलोअर उचलून दुसरीकडे नेता आले नाहीत. माझ्या यादीत जेमतेम २१० जण आहेत, पण गेल्या वर्षी विकल्या गेलेल्या १४ चित्रांपैकी ११ त्यांनीच घेतली. प्रोफाइलच्या लिंकवर फक्त नाव आणि ईमेल विचारा. महिन्यातून एकदा पत्र लिहा: टेबलावर सध्या काय आहे, कुठे अडलंय, काय विकायला ठेवलंय.